उष्णता गेली कुठे? भोर घाटातली आगगाडी आणि रेसट्रॅकवरची इलेक्ट्रिक कार

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनला मी ३४ स्लाइड घेऊन गेले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला अकराव्या स्लाइडवर थांबवलं. त्या स्लाइडवर माझा आवडता आलेख होता. इलेक्ट्रिक मोटर जोडलेल्या चाकाला १०० किमी वेगावरून ३० वर आणायचं, पुन्हा वेग द्यायचा, पुन्हा आणायचं, असं लागोपाठ १० वेळा केल्यावर ब्रेकच्या डिस्कचं तापमान किती चढतं, याचा आलेख. रेषा जवळजवळ सपाट होती. मी खुशीत होते.

त्यांनी विचारलं, "चाक दहा वेळा मंदावलं आणि डिस्क तापली नाही. मग उष्णता गेली कुठे?"

"सर, ती ऊर्जा बॅटरीत परत गेली. रिजनरेटिव्ह ब्रेकिंग."

"बॅटरी तेव्हा किती भरलेली होती?"

मला आठवेना. वही उघडून बघितलं, ५५ टक्के. ते म्हणाले, "आणि १०० टक्के असती तर?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. माझा आलेख खोटा नव्हता, पण त्याखाली मी लिहिलेलं वाक्य खोटं होतं. 'जड इलेक्ट्रिक गाडीतही ब्रेकवर अतिरिक्त ताण येत नाही' असं मी लिहून बसले होते. खरं तर मी एवढंच मोजलं होतं की अर्धी भरलेली, थंड बॅटरी आणि मध्यम वेग असेल तर ताण येत नाही. प्रयोग परत करावे लागणार होते, म्हणजे किमान एक सत्र गेलं. फेलोशिपचं घड्याळ चालू असताना एक सत्र म्हणजे काय, हे तुमच्यापैकी जे पेटची तयारी करताहेत त्यांना लवकरच कळेल.

आज लिहायचं आहे ते त्यानंतर जे वाचलं त्याबद्दल. तो प्रश्न मला नवा वाटला होता. प्रत्यक्षात आपल्याच भोर घाटात तो दीडशे वर्षांहून जास्त काळ विचारला जातोय.

आधी थोडं गणित

मी दौंडची. आमच्याकडे ब्रेकचा विचार फारसा करावा लागत नाही, कारण उतारच नाहीत. भीमेच्या काठचा सपाट मुलूख. हंगामात पाटसच्या साखर कारखान्याकडे ट्रॅक्टर निघतात, मागे उसाने फुगलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, आणि त्यातल्या कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. सगळं ट्रॅक्टरच्या जिवावर. सपाटीवर हे खपून जातं. माझे आजोबा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते, वाफेच्या जमान्यात. ते म्हणायचे, "गाडी ओढायला कुणीही शिकतं. घाट उतरवायला वेगळा माणूस लागतो." लहानपणी मला वाटायचं ते ड्रायव्हरच्या धाडसाबद्दल बोलताहेत. ते भौतिकशास्त्राबद्दल बोलत होते, हे फार उशिरा कळलं.

ब्रेक गाडीची ऊर्जा संपवत नाही. ऊर्जा संपत नसतेच, हे तुम्ही बारावीला लिहून आलाय. ब्रेक फक्त ती दुसरीकडे ढकलतो. घर्षणाच्या ब्रेकमध्ये ही 'दुसरी जागा' म्हणजे डिस्कचं बिडाचं लोखंड, आणि त्यातून पुढे हवा. लोखंड ऊर्जा झटकन घेतं, हवा मात्र सावकाश नेते. या दोन वेगांमधल्या फरकातच ब्रेकची मर्यादा दडलेली आहे.

आता रेसट्रॅकवरची एक जड इलेक्ट्रिक कार घ्या. वजन २,३०० किलो. सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग २०० किमी, वळणासाठी तो ८० वर आणायचा. हिशेब केलात तर सुमारे ३० लाख ज्यूल, म्हणजे ३ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी ढकलावी लागते, आणि तीही साधारण साडेतीन सेकंदांत. सरासरी शक्ती ८५० किलोवॅट. ब्रेक लावल्याच्या पहिल्या क्षणी तर ती सव्वा मेगावॅटच्या घरात जाते. पोर्शेच्या पहिल्या टायकानची रिजनरेशनची कमाल क्षमता कंपनीने २६५ किलोवॅट सांगितली होती. ही क्षमता चांगलीच आहे. तरी आपल्या उदाहरणात ती पहिल्या क्षणी एक पंचमांश आणि पूर्ण ब्रेकिंगमध्ये एक तृतीयांशाच्या आसपासच ऊर्जा घेऊ शकते. उरलेली दोन तृतीयांश डिस्कवर.

रिजनरेशन पूर्ण बंद पडलं असं धरा. पुढच्या एका डिस्कच्या वाट्याला ३५ टक्के ऊर्जा, डिस्कचं वजन १२ किलो. एका ब्रेकिंगमध्ये तापमान सुमारे १७० अंशांनी वाढतं. एकदा चालेल. पण ट्रॅकवर पुढचं वळण १५ सेकंदांवर असतं, त्याच्या पुढचं आणखी १० सेकंदांवर. डिस्क थंड होण्याआधीच पुढची खेप येते. पॅडमधलं रेझिन जळायला लागून वायू सुटतात आणि पकड सैल होते. ब्रेक ऑइलचंही तेच. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा निकष आहे, आणि ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हाच आकडा १५५ अंश. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, त्यामुळे पेडल थेट तळाला जातं आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

'जड' आणि 'शक्तिशाली' हे दोन शब्द इथे वेगवेगळं काम करतात, हे मला आधी नीट कळलं नव्हतं. वजन दीडपट झालं की ऊर्जा दीडपट. पण ताकद जास्त असली की त्याच सरळ पट्ट्यावर गाडी जास्त वेगाला पोचते, आणि वेगाचा वर्ग होतो. १८० च्या जागी २०० म्हणजे वेग ११ टक्क्यांनी वाढला, ऊर्जा मात्र २३ टक्क्यांनी. टेस्लाची मॉडेल एस प्लेड २०२१ मध्ये आली, १,०२० अश्वशक्ती आणि वजन सव्वादोन टनांच्या जवळ. ट्रॅकवर नेणाऱ्यांसाठी कंपनीने नंतर कार्बन-सिरॅमिक ब्रेकचा संच वेगळा विकायला काढला. रस्त्यावर त्याची गरज जवळपास कुणालाच पडत नाही.

खंडाळ्याखालची ती जागा

आता घाटात येऊ.

मुंबई-ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली हे सगळ्यांना पाठ असतं. पण ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची खरी परीक्षा सह्याद्रीत होती. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. भोर घाटाचं काम १८५६ च्या सुरुवातीला निघालं आणि मार्ग १८६३ च्या एप्रिलमध्ये उघडला. सुमारे २५ किमी लांबी, ५५८ मीटर चढ, २५ बोगदे आणि सर्वांत तीव्र उतार ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर खाली. मोटारीसाठी हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक असताना हा उतार भयानक आहे. १८६१ मध्ये कामावर ४२ हजारांपर्यंत माणसं होती. साथींमध्ये आणि अपघातांमध्ये किती गेली, याची मोजदाद कुणी नीट ठेवली नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात पोचला आणि थोड्याच दिवसांत वारला. मग त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट चालू ठेवलं. तिचं नाव अलीकडे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. बोगदे खोदणाऱ्यांपैकी एकाचंही मिळत नाही.

तर या मार्गात एक विचित्र जागा होती, रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराच्या कडेला वळण घ्यायला जागाच नव्हती. म्हणून गाडी एका टोकाशी आणून थांबवायची, आणि मग उलट्या दिशेने पुढच्या उतारावर सोडायची. इंग्रजी व्ही अक्षरासारखं. दौंडकरांना हे वेगळं समजवायला नको. पुण्याहून मनमाडच्या बाजूला जाणारी गाडी दौंडला तोंड फिरवते, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावतात, तेवढ्यात आपण फलाटावर चहा घेतो. (आता कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्या बाहेरूनच जातात, चहावाल्यांचं नुकसान.) फरक एवढाच की दौंडला समोर सपाट रूळ आहेत. खंडाळ्याखाली त्या टोकाच्या पलीकडे दरी होती.

म्हणजे उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला तिथे थांबावंच लागे. थांबता आलं नाही तर दुसरी संधी नव्हती. आणि १८६० च्या दशकातले ब्रेक कसले होते? इंजिन ड्रायव्हरच्या हाताखाली सगळ्या गाडीचा ब्रेक नव्हता. ठरावीक डब्यांत ब्रेकवाले बसत, इंजिनची शिट्टी झाली की हाताने स्क्रू आवळत, आणि बिडाचे ठोकळे चाकावर दाबले जात. घाटासाठी खास मागवलेल्या टाकीवाल्या इंजिनांना तर थेट रुळावर घासणारे ब्रेक होते. आपल्या प्रश्नाच्या भाषेत सांगायचं तर उष्णता ठेवायला चाक पुरेना, म्हणून ती रुळात ढकलायची. कल्पना वाईट नव्हती. रूळ लांबच लांब असतो आणि गाडी पुढे सरकली की ब्रेकखाली नवा, थंड रूळ येतो.

१८६९ च्या जानेवारीत मुंबईकडे उतरणारी मेल तिथे थांबली नाही. ताबा सुटलेली गाडी टोकाचा अडसर तोडून पलीकडे गेली आणि माणसं मेली.

अशा अपघाताबद्दल वाचताना आपल्याला लगेच दोनच प्रश्न सुचतात: चूक कुणाची, ड्रायव्हरची की ब्रेकवाल्यांची? संशोधनाची तयारी करताय तर एक सवय आत्ताच लावून घ्या, तिसरा प्रश्नही विचारायचा. त्या दिवशी त्या ठोकळ्यांमध्ये आणखी किती उष्णता मावत होती? ब्रेकवाल्याने जीव तोडून स्क्रू आवळला असेल, आणि तरीही गाडी थांबली नसेल. तापलेला ठोकळा दाबून उपयोग नसतो.

हे पुढे मोजलंही गेलं. १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये कॅप्टन डग्लस गॅल्टन यांनी जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या मदतीने धावत्या गाडीवर प्रयोग केले. त्यांना दिसलं की बिडाच्या ठोकळ्याचं घर्षण वेग वाढला की कमी होतं, आणि ठोकळा जितका जास्त वेळ दाबून धरावा तितकं आणखी कमी होत जातं. आज आम्ही ज्याला ब्रेक फेड म्हणतो, त्याचं हे मला माहीत असलेलं पहिलं पद्धतशीर मोजमाप. आपल्या पुस्तकांत घर्षणांक एक ठरावीक आकडा म्हणून छापतात, ०.३ नाहीतर ०.४. तुम्हीही तो तसाच वापरला असेल, मीही एमएस्सीपर्यंत वापरला. गॅल्टनचे तक्ते पाहिल्यावर लाज वाटते.

वेगमर्यादा म्हणजे खरं तर शक्तीची मर्यादा

एक हिशेब स्वतः करून बघा. १,००० टनांची गाडी ३७ ला १ उतारावरून ताशी ३० किमी वेगाने उतरतेय. वेग वाढू द्यायचा नसेल तर ब्रेकने सतत सुमारे २.२ मेगावॅट झेलायला हवेत. वेग ६० केलात तर ४.४ मेगावॅट. घाट संपेपर्यंतची एकूण ऊर्जा मात्र दोन्ही वेळा तेवढीच, सुमारे दीड हजार युनिट वीज होईल एवढी. घाटाची उंची ठरलेली आहे, त्यामुळे बेरीज ठरलेली आहे. तुमच्या हातात फक्त एवढंच आहे की ती किती वेळात वाटायची. म्हणून घाट उतरताना गाडी रांगते. मुंबईला जाताना खंडाळ्यानंतर 'ही एवढी हळू का चाललीय' म्हणून आपण वैतागतो ना, त्याचं उत्तर हेच. आजही मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबून, ब्रेक ताब्यात आहे याची खात्री करून गाडी पुढे सोडतात. आणि कॅच सायडिंग असतात, डोंगराच्या बाजूला चढत जाणारे रूळ. गाडी ताब्यात आहे हे सिद्ध झालं तरच सांधा मुख्य मार्गाला लागतो, नाहीतर गाडी त्या चढावर जाते. तिथे ऊर्जा पुन्हा उंचीत जाते. उष्णतेचा प्रश्नच नाही! मला ही कल्पना फार आवडते.

रस्त्यावरच्या ट्रकसाठीही हाच तर्क नियमात बसलाय. संयुक्त राष्ट्रांच्या १३ क्रमांकाच्या ब्रेक-नियमात एक चाचणी लांब उतारासाठी आहे: भरलेलं वाहन, ६ टक्के उतार, ६ किमी अंतर, सरासरी वेग ताशी ३० किमी. एवढी ऊर्जा झेलल्यावरही ब्रेकमध्ये ठरावीक ताकद उरली पाहिजे. ४० टनांच्या ट्रकसाठी ही शक्ती जवळपास २०० किलोवॅट होते, बारा मिनिटं सलग.

आता ट्रॅकवरच्या कारकडे परत या. दोन मिनिटांची एक फेरी, त्यात आठ ब्रेकिंग, सरासरी दीड मेगाज्यूलची. म्हणजे फेरीभर सरासरी १०० किलोवॅट. सव्वादोन-अडीच टनांची कार, आणि ब्रेकवर ४० टनी ट्रक घाटातून उतरवण्याच्या निम्मा भार. हा आकडा पहिल्यांदा आला तेव्हा मी तीनदा तपासला. कारच्या चारही डिस्क एकत्र केल्या तरी त्या ट्रकच्या ड्रमांपुढे किरकोळ असतात. रस्त्यावर त्या वर्षानुवर्षं टिकतात, कारण रस्त्यावर कुणी अशी फेरी मारत नाही.

मोटारींच्या जगातही ब्रेक बदलले ते ट्रॅकमुळेच. १९५३ च्या ल मान शर्यतीत जग्वारची डिस्क ब्रेकवाली गाडी जिंकली. ड्रमच्या पोटात उष्णता कोंडून राहते, डिस्क उघडी असते आणि हवा खाते, एवढाच मुद्दा. डिस्कची कल्पना लँचेस्टरने १९०२ मध्येच पेटंट केली होती, पण पन्नास वर्षं तिची निकड कुणाला वाटली नाही. वेगाकडे सगळ्यांचं लक्ष असतं. ताशी १०० किमीचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटार इलेक्ट्रिक होती, १८९९ मध्ये कामिय जेनात्झीने फ्रान्समध्ये चालवलेली. वजन सुमारे दीड टन. ती किती पळाली हे सगळीकडे छापलेलं आहे. थांबायला किती अंतर लागलं, हे मला कुठेच सापडलेलं नाही.

खेकडा आणि घेणारी तार

१९२५ च्या ३ फेब्रुवारीला मुंबईत व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली, १,५०० व्होल्ट डीसी. पुढच्या काही वर्षांत तारा घाट चढून पुण्याला पोचल्या, ठाकुर्लीजवळ चोळ्याला रेल्वेने स्वतःचं वीज केंद्र उभारलं, आणि १ जून १९३० ला डेक्कन क्वीन निघाली. तो धोक्याचा रिव्हर्सिंग स्टेशनचा भाग १९२९ मध्ये नवे बोगदे काढून टाळला गेला. विजेच्या तारा पुण्याच्या पुढे आमच्या दौंडपर्यंत यायला मात्र बरीच दशकं गेली. तोवर दौंडला वाफ आणि मग डिझेल.

याच काळात घाटातल्या मालगाड्यांसाठी ईएफ-१ जातीची इंजिनं आली, नंतर त्यांना डब्ल्यूसीजी-१ म्हणू लागले. एकूण ४१. काही स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला बांधलेली, बाकीची इंग्लंडमध्ये. विजेची यंत्रणा मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची. वजन सव्वाशे टनांच्या आसपास, ताकद २,६०० अश्वशक्ती. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाकं, चाकं जोडणारे मोठे दांडे वरखाली होत चालणारं ते ध्यान. मुंबईत लोक त्याला खेकडा म्हणायचे. त्यातलं 'सर लेस्ली विल्सन' नावाचं इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, गेलात तर जरूर बघा.

या खेकड्याला रिजनरेटिव्ह ब्रेक होता. उतारावर मोटरचा जनरेटर करायचा, गाडीचं वजन चाकं फिरवणार, चाकं वीज बनवणार, आणि वीज तारेत परत. उतरणारी गाडी चढणाऱ्या गाडीला ओढायला मदत करते, असं हे चित्र. ठोकळे थंड राहतात आणि खऱ्या गरजेसाठी शिल्लक राहतात. पैशाची बचत सगळे सांगतात, मला हा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो.

(एक सावधगिरी. 'जगातले पहिले' वगैरे लिहायचा मोह टाळा. इटलीत जेनोवाजवळच्या जोवी घाटात १९१० पासून आणि अमेरिकेत मिलवॉकी रेल्वेवर १९१५ च्या सुमारास हे चालू होतं. मोटारींमध्ये तर पॅरिसच्या लुई क्रीगरने १८९० च्या दशकातच करून पाहिलं होतं. माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात रिजनरेशनला 'अत्याधुनिक' म्हटलं होतं. गाइडनी तो शब्द खोडला आणि समासात फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं.)

आता मुद्दा. तारेत वीज परत ढकलायची तर ती घेणारं कुणीतरी हवं. त्याच वेळी कुणी चढत असेल, किंवा उपकेंद्र ती वीज मागे घेऊ शकत असेल, तर ठीक. कुणीच घेणारं नसेल तर तारेतला व्होल्टेज चढत जातो आणि ब्रेक सोडावा लागतो. म्हणजे रिजनरेटिव्ह ब्रेक किती धरेल हे एकट्या इंजिनावर ठरत नाही. पलीकडे घेणारा आहे का, यावर ठरतं. रेल्वेचे अभियंते 'तार घेतेय का' हा विचार करतात. म्हणूनच घर्षणाचा ब्रेक काढून टाकायची चैन घाटात कुणी केली नाही.

हे वाचत असताना मला परीक्षकांचा आवाज ऐकू आला. बॅटरी किती भरलेली होती?

कारमध्ये 'तार' म्हणजे बॅटरी. १०० टक्के भरलेली बॅटरी ही घेणारं कुणी नसलेली तार आहे. थंडगार बॅटरीही नीट घेत नाही. आणि ट्रॅकवर तिसरी गोष्ट होते: तीन-चार फेऱ्या झाल्या की पूर्ण ताकदीने दिलेल्या-घेतलेल्या प्रवाहाने बॅटरी स्वतःच तापते, आणि तिला वाचवायला तिची नियंत्रण यंत्रणा प्रवाह कमी करते. म्हणजे डिस्क सर्वांत जास्त तापलेल्या असतात, नेमकं तेव्हाच रिजनरेशन हात काढून घेतं. दोन ब्रेक आहेत म्हणून दुप्पट सुरक्षित, असं आपण धरून चालतो. ते गणित तेव्हाच खरं, जेव्हा दोन्ही निकामी होण्याची कारणं वेगळी असतील. इथे दोन्हींचं कारण एकच: आपण जोरात चालवतोय.

या टोकाचा प्रयोग शर्यतीतच झालाय. फॉर्म्युला-ई च्या तिसऱ्या पिढीच्या गाड्यांना मागच्या चाकांना नेहमीचे हायड्रॉलिक ब्रेक ठेवलेच नाहीत. पुढची मोटर २५० आणि मागची ३५० किलोवॅट, मिळून ६०० किलोवॅटपर्यंत रिजनरेशन. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादला हुसेनसागरच्या काठी याच गाड्या धावल्या, आपली महिंद्राही त्यात होती. या गाडीचं वजन ड्रायव्हरसह साडेआठशे किलोच्या आसपास, म्हणून ६०० किलोवॅट पुरतात. सव्वादोन टनांच्या कारला ते पुरणार नाहीत. तिथेही विजेची यंत्रणा बंद पडली तर काय, हा प्रश्न आलाच, आणि त्या पहिल्याच हंगामात संकटकाळासाठी वेगळी यांत्रिक ब्रेकव्यवस्था जोडावी लागली. घाटातला जुना धडा, शंभर वर्षांनी.

तुम्ही म्हणाल, ट्रॅकवर जाणारे किती? आपल्याकडे अगदी थोडे. पण शिरूर तालुक्यात रांजणगावच्या कारखान्यातून इलेक्ट्रिक गाड्या बाहेर पडताहेत, चाकणहून पडताहेत, आणि दरवर्षी त्यांची ताकद वाढतेय. लोणावळ्याला गाडी १०० टक्के चार्ज करायची आणि तशीच घाट उतरायला लागायचं, हे सुट्टीच्या दिवशी कितीतरी जण करत असतील. घाटातला भार ट्रॅकपेक्षा कितीतरी कमी असतो, डिस्क तो सहज झेलते. बदल जाणवतो तो पायाला. रोज पाय उचलला की आपोआप मंदावणारी गाडी त्या दिवशी मंदावत नाही. माणूस दचकतो. बऱ्याच गाड्या अशा वेळी घर्षणाच्या ब्रेकने ती उणीव गुपचूप भरून काढतात. मग माणूस दचकत नाही, पण डिस्क तापतेय हेही त्याला कळत नाही. यातलं कुठलं जास्त वाईट, यावर माझं आणि गाइडचं अजून एकमत झालेलं नाही. माझं मत, थोडं दचकू द्यावं.

प्रयोगाचं सांगायचं राहिलं. नवीन आराखड्यात मी प्रत्येक ओळीला तीन रकाने वाढवलेत: बॅटरी किती भरलेली, बॅटरीचं तापमान किती, सुरुवातीचा वेग किती. आधीच्या ४० नोंदींमधल्या २७ मध्ये पहिले दोन आकडे मी लिहिलेच नव्हते, त्या सगळ्या बाद. उरलेल्या १३ वापरता येतील. ९८ टक्के चार्जवरची पहिली खेप गेल्या आठवड्यात झाली. दहा ब्रेकिंग ठरली होती, सातव्याला डिस्कचं तापमान ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलं म्हणून थांबवावं लागलं. आलेख अजिबात सपाट नाही. अकराव्या स्लाइडवर आता तो लावलाय, जुना आलेख त्याच्या शेजारी, दोन्हींच्या खाली बॅटरीची टक्केवारी लिहून.